डाळ गेली कुठी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं माइक घेऊन गडचिरोली-चंद्रपूरच्या खेड्यापाड्यांत हिंडलात. कलाकार पाहिले, नाना तऱ्हेची माणसं पाहिली. काही गमतीजमती लिहा. हलकंफुलकं." मी हो म्हणून बसलो. नंतर वही उघडली तर एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहिली, आणि ती हलकी नाही. ज्यांना चकलीसोबत हसायचं आहे त्यांनी खुशाल पान उलटावं. मी रागात लिहितो आहे. राग काही माणसांवर आहे आणि त्या माणसांत मीही आहे.

आधी आमचं काम समजून घ्या. शहरातल्या माणसाला रेडिओ म्हटलं की एक तर आकाशवाणी आठवते, नाही तर गाडीत कानाशी बडबडणारी ती पोरंपोरी. आमचा प्रकार वेगळा. सामुदायिक रेडिओ म्हणजे एका भागातल्या लोकांनी त्याच भागातल्या लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र. आमचं केंद्र एका संस्थेचं होतं. आरमोरीकडच्या एका गावात दोन खोल्या आणि मागे टॉवर, एवढाच पसारा. आवाज दहा-बारा किलोमीटर जायचा, पुढे जंगल. कोणी आंबील कशी करायची ते सांगे, कोणी दंडारीच्या लोकनाट्यातली गाणी म्हणे, कोणी बांबूचं सूप कसं विणतात ते बोले. बातम्या मात्र द्यायच्या नाहीत, असा सरकारी नियम. आमचे केंद्रप्रमुख त्या नियमाला इतके भीत, की गावातला हातपंप बिघडला हेसुद्धा त्यांना बातमी वाटायची.

मी मूळचा लाऊडस्पीकरवाला. वडील भीमजयंतीला, लग्नांना, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटकांना माइक लावत, मीही तेच शिकलो. संस्थेला रेकॉर्डिंग करणारा माणूस हवा होता, त्यांनी मला घेतलं. पुढे निवेदन मी, लिखाण मी, कापाकापीही मीच. कागदावर माझं पद 'कार्यक्रम सहायक' होतं आणि शेवटच्या दिवसापर्यंत तेच राहिलं. उघड्यावर रेकॉर्डिंग करायचं तर तीन शत्रू असतात. पहिला वारा, दुसरा कोंबडा आणि तिसरा गावचा पुढारी. वाऱ्याला छत्री आडवी धरता येते, कोंबड्याला टोपल्याखाली झाकता येतं. पुढाऱ्याला माइक दिसला की तो खोकून पुढे येतो आणि त्याला झाकायला टोपलं मिळत नाही.

वर्षातून एकदा मोठ्या शहरातून पाहणीसाठी लोक यायचे. त्यातल्या एकांना आमच्या शिक्षिकाबाईंनी सांगितलेली आंबिलीची कृती ऐकवली. बाई एम.ए. झालेल्या, बोलल्या छान. पाहुणे डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "यात जंगल ऐकू येत नाही." मी म्हटलं, साहेब, स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलंय. तरी त्यांनी आंबिलीच्या मागे ढोल टाकायला लावला आणि वर पक्ष्यांचे आवाज. पक्षी संगणकात तयार होते. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं सायकलवरून येऊन मला विचारलं, "भाऊ, थे पाखरू कोनतं होतं? माहा जनम जंगलात गेला, म्या नाई आयकलं."

याच पाहुण्यांच्या अहवालात आमच्या गाणाऱ्या बायांचा उल्लेख 'एक ग्रामीण महिला' असा असे. फोटोखाली 'स्थानिक कलाकार'. माझं डोकं फिरायचं. शहरातला गवय्या असेल तर त्याचं नाव, त्याच्या गुरूचं नाव, गुरूच्या गावाचं नाव. आमची बाई असेल तर 'एक'. मी मीटिंगमध्ये भांडलो. सांगितलं, गाणाऱ्याचं नाव आणि गावाचं नाव घेतल्याशिवाय आपल्या केंद्रावर काही वाजणार नाही. सहा महिने भांडलो आणि नियम करून घेतला. आयुष्यात जिंकलेली ती माझी एकुलती एक लढाई. तिचा मला फार गर्व होता आणि त्याच गर्वानं एका बाईचं वाटोळं केलं.

त्या बाईला इथे मी भागरता म्हणतो. हे तिचं खरं नाव नाही. गावाचंही नाव लिहीत नाही. नाव घेतल्यानं काय होतं ते मी पाहिलं आहे.

भागरता गावच्या शाळेत पोरांचा दुपारचा स्वयंपाक करायची. नवरा नाही, मुलगा हैदराबादकडे बांधकामावर, घरी सून आणि नात. काही वर्षांपूर्वी तिची जाऊ तेंदूपत्ता तोडायला गेली आणि वाघानं तिला नेलं. भागरता त्या दिवशी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. तेव्हापासून तिनं जंगलाकडे पाय टाकला नव्हता. आमच्याकडे बाईमाणसाला जंगलात न जाता पोट भरायचं तर फार थोड्या वाटा असतात. शाळेची चूल ही तिची वाट होती. त्या चुलीपायी ती रोज संध्याकाळी जिवंत घरी येत होती, हे तिचंच बोलणं, माझं नाही.

आता रोवणा म्हणजे काय ते सांगतो. रोवणा म्हणजे धानाची लावणी. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया एका रांगेत ओणव्या होतात आणि पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवत मागे मागे सरकतात. दुपारपर्यंत पाठीचा दगड होतो. त्यावर एकच औषध, गाणं. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात. माहेराच्या ओळी असतात, देवाच्या असतात, आणि मधेच एखादी अशी येते जी तिथल्या तिथं चिखलात तयार झालेली असते. मालकानं चहा उशिरा आणला, त्याच्यावर ओळ. तलाठ्यावर ओळ, जावयावर ओळ. ती कोणी उचलली हे कधी सांगायचं नसतं. मालकानं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, विचारलं, कोन बोललं वं, तर सगळ्या ओणव्या राहूनच म्हणतात, "रांगीनं म्हटलं." घरी नवरासुद्धा विचारत नाही. आणि ज्याच्यावर ओळ आली त्यानं हसून घ्यायचं. रोवण्याच्या गाण्यावर जो रुसला त्याची गावात काही किंमत राहत नाही. माझी आई जन्मभर रोवण्याला गेली. हे सगळं मला कोणी शिकवायला नको होतं.

रविवार होता. शाळेला सुट्टी, म्हणून भागरताही रांगेत होती. मी धुऱ्यावर छत्री आडवी करून बसलो होतो, माइक लांब काठीला बांधून बायांच्या डोक्यावर धरलेला. तासभर गाणी झाली. मग एक आवाज उठला, जरा घोगरा पण तार बांधल्यासारखा सरळ:

*वाकून वाकून पाह्यलं म्या शाळेच्या गंजात,*
*माहंच तोंड दिसलं वं बाई, पातळ वरनात.*
*डाळ गेली कुठी वं बाई, डाळ गेली कुठी,*
*अध्यक्षाच्या घरात वाजे कुकराची शिटी.*

रांग अशी हसली की दोघी-तिघी चिखलात बसल्या. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं आणि अध्यक्ष म्हणजे शाळेच्या समितीचा अध्यक्ष. पोरांच्या जेवणाचं सामान त्याच्या हाताखालून यायचं आणि येताना हलकं व्हायचं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी काठी आणखी पुढे केली. इतकी वर्षं हे काम केलं, अशी ताजी, अशी धारदार ओळ माझ्या माइकवर कधी आली नव्हती.

गाणं संपलं. मी वही काढली. "आता नावं सांगा. पहिला आवाज कोनाचा?"

एक म्हातारी कंबर धरून म्हणाली, "सगळ्याईचाच जी भाऊ. रांगीनं म्हटलं."

"तसं नाई चालत आमच्यात. नाव नाई तर वाजनार नाई."

"मंग नका वाजवू."

मी समजवायला लागलो. तुमचं नाव मोठं होईल, नागपूर-मुंबईपर्यंत जाईल, तुम्हाला कोणी 'एक महिला' म्हणू नये म्हणून मी भांडलो आहे, वगैरे वगैरे. चिखलात उभ्या असलेल्या नऊ बायांना मी सन्मान म्हणजे काय ते शिकवत होतो. शेवटी भागरतानं पाठ सरळ केली, हात पदराला पुसले.

"लिवा माहं," ती म्हणाली. "भाऊ इतल्या दुरून आले, रिकाम्या हातानं काऊन जातीन?"

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. मी नाव लिहून घेतलं, गावाचं नाव लिहून घेतलं आणि मोटरसायकलवर शीळ वाजवत परत आलो.

बुधवारी संध्याकाळी ते वाजलं. मी माझ्या तोंडानं निवेदन केलं, पहिला आवाज अमुक गावच्या अमुकबाईंचा. अगदी ठसठशीत. केंद्रप्रमुखांनी आधी ऐकलं होतं, तेही हसले होते. गाणं आहे, बातमी थोडीच आहे, म्हणाले होते. रांगेनं म्हटलं असतं तर अध्यक्षाला हसून घ्यावं लागलं असतं. आता त्याच्या हातात एक नाव होतं, आणि ते त्याला मी दिलं होतं.

गुरुवारी भागरता शाळेत गेली तर चुलीजवळ अध्यक्ष स्वतः उभा. तिला आत येऊ दिलं नाही. मुख्याध्यापक भला माणूस, पण त्याचीही बदली अध्यक्षाच्या ओळखीवर अडकलेली. तो खाली मान घालून हजेरी घेत बसला. अध्यक्ष दुपारी आमच्या केंद्रावर आला, सोबत चार माणसं. टेबलावर हात आपटून म्हणाला, "हे गानं नाई, बदनामी आहे. मी वर तक्रार करतो. तुमचं लायसन कसं राह्यते तेच पाहतो." बुधवारी हसलेले आमचे केंद्रप्रमुख गुरुवारी पांढरेफटक पडले. त्यांनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, माझ्याकडे बोट दाखवलं. मी कोपऱ्यात उभा होतो. मीही काही बोललो नाही. मी म्हणू शकत होतो, की बाबा, तुझ्या घरी कुकराची शिटी वाजते की नाही तेवढं सांग. हे वाक्य मला आता सुचतं. आता काय कामाचं?

तोड निघाली ती अशी. भागरतानं त्याच रेडिओवर, त्याच वेळेला, स्वतःच्या आवाजात माफी मागायची. म्हणजे अध्यक्ष तिला पुन्हा चुलीवर घेईल. तिला हे पटवायचं काम कोणाचं? माझं. तिचा माझ्यावर विश्वास होता ना.

मी तिच्या घरी गेलो. सुनेनं खाट टाकली, पाणी दिलं. भागरता उंबऱ्यात बसली. मी सगळं सांगितलं.

"पण डाळ तं खरंच गेली न, भाऊ," ती म्हणाली. "म्या रोज शिजवून राह्यली. माह्यापेक्षा कोनाले मालूम?"

"मला मालूम आहे. पण तुमची चूल वाचते न बाई."

तिनं उंबऱ्याशी आलेली कोंबडी हातानं हाकलली. मग म्हणाली, "मले जंगलात नाई जाचं, भाऊ. बाकी तुमी म्हनान थे म्हनतो."

दुसऱ्या दिवशी मी तिला मोटरसायकलवर बसवून केंद्रावर आणलं. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे चार भिंतींना जाड पडदे आणि मधे एक टेबल. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून माफीनामा मी लिहिला होता. लिहिला होता म्हणजे केंद्रप्रमुखांनी सांगितला आणि मी चांगल्या भाषेत बसवला. मी एक वाक्य म्हणायचं, तिनं मागे म्हणायचं, असं ठरलं.

"माझ्या गीतातील मजकूर निराधार होता," मी म्हटलं.

ती थांबली. "निराधार म्हंजे? थे म्हाताऱ्या बायाईचं असते थे?"

"नाई, इथं खोटा असा अर्थ आहे."

"मंग खोटा म्हना न सरळ."

"तुम्ही फक्त म्हणा, बाई."

तिनं म्हटलं. एकूण सहा वाक्यं होती. अध्यक्ष हे शाळेसाठी निःस्वार्थपणे झटतात, हेही त्यात होतं. त्या वाक्याला ती तीनदा अडखळली आणि मी तिला तीनदा ते पुन्हा म्हणायला लावलं. चौथ्यांदा जमलं. मी म्हटलं, शाब्बास. हे शाब्बाससुद्धा त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

आता पुढचं काम तांत्रिक, पण ते नीट सांगतो, कारण माझा गुन्हा तिथंच आहे. संगणकावर आवाज रेघांच्या रूपानं दिसतो, चढउतार असलेल्या. माझ्या आवाजाच्या रेघा वेगळ्या, तिच्या वेगळ्या. माझ्या एक एक निवडून कापायच्या आणि तिच्या जोडायच्या. नुसतं जोडलं तर ऐकणाऱ्याला खटका जाणवतो, म्हणून मधे तिचाच श्वास ठेवायचा. खोलीचा शांत आवाज असतो, तो थोडा थोडा पेरायचा. मी दीड तास बसलो. काम संपलं तेव्हा त्या सहा वाक्यांत मी कुठेही उरलो नव्हतो. बाई जणू मनानंच आली, मनानंच बोलली. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात साफ जोडणी. त्या दिवशी मला त्या जोडणीचंसुद्धा थोडं कौतुक वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

पुढच्या बुधवारी माफी वाजली. सोमवारी शाळेच्या समितीची सभा होती. त्याच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकाचा मला फोन आला. आवाज दबका.

"भाऊ, या अध्यक्षानं माफी मोबाईलवर भरून ठेवली. उद्या सभेत लावनार आहे. म्हन्ते, बाईनं सोताच्या तोंडानं कबूल केलं का ती खोटं बोलते, आता अशा बाईच्या हातचं पोराईले जेवू घालाचं काय? आपल्या सालीले लावाचं चाललं त्याचं. तुमी या न. येऊन फक्त सांगा का लिहून तुमी देल्लं होतं. तुमच्याजवळ मूळ रेकॉर्डिंग असन न?"

होतं. मूळ रेकॉर्डिंग मी कधी पुसत नाही. वडिलांची शिकवण, वापरलेली वायरसुद्धा फेकायची नाही. माझ्या संगणकात ते सगळं होतं, माझ्या आवाजासकट, तीन वेळच्या अडखळण्यासकट, शाब्बाससकट. ते पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि मोटरसायकलला किक मारायची, एवढंच करायचं होतं.

मी केंद्रप्रमुखांना विचारायला गेलो. विचारायला गेलो, इथंच कळायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "तू गेलास तर परत येऊ नकोस." निवृत्तीला माझी दोन वर्षं उरली होती. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. ही कारणं खरी आहेत आणि मी ती इतक्या वेळा स्वतःला ऐकवली आहेत की आता मलाच त्यांचा वीट आला आहे. सोमवारी सभा चालू होती त्या वेळेला मी बचतगटाच्या दोन बायांकडून रानभाज्यांची माहिती रेकॉर्ड करत होतो. कुड्याच्या फुलांची भाजी. चांगला झाला कार्यक्रम.

सभेत माफी वाजवली गेली. भागरता दाराशी उभी होती म्हणे. कोणी तिला बोलू दिलं नाही. बोलायचं काय, तिचंच तोंड तिच्याविरुद्ध बोलत होतं. चुलीवर अध्यक्षाची साली, म्हणजे मेहुणी, आली. आणि चैत्र सरल्यावर तेंदूपत्त्याचा हंगाम लागला तेव्हा भागरता इतर बायांसोबत पहाटेच जंगलात निघाली. मला हे त्या म्हाताऱ्या बाईनं बाजारात सांगितलं. सांगितलं म्हणजे माझ्याकडे न पाहता, वांगी निवडता निवडता. "भागरता येते आता आमच्यासंग. मधात चालते. मांगं राह्यत नाई, समोर होत नाई. पान तोडते अन् बोलत राह्यते, बोलत राह्यते. चूप झाली का थरथरते." मी वांगी न घेताच निघून आलो.

दोन वर्षं मी त्या गावाकडे फिरकलो नाही. रोवण्याची गाणी घ्यायला दुसऱ्या गावांत गेलो. तिथं काय झालं ते ऐका. मी धुऱ्यावर दिसलो की गाणं बंद. बाया रोवत राहायच्या, पण चूप. कोणी म्हणे घसा बसला, कोणी म्हणे आता गाणी आठवत नाहीत. एका ठिकाणी छत्रीच्या दांड्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाईल टांगला होता आणि त्यात सिनेमाची गाणी चालू होती. पाहणीचे पाहुणे त्या वर्षी म्हणाले, लोककला लोप पावते आहे, फार वाईट वाटतं. अहवालात तसं लिहिलंही. लोप पावत नव्हती हो. माझ्यापासून लपत होती. मी वळून गेलो की मागून हसण्याचा आवाज यायचा, तो माझ्या कानानं ओळखला नसता तर मी कसला रेकॉर्डिंगवाला?

मग माझा शेवटचा दिवस आला. जुलै अखेर. केंद्रावर हार, पेढे, शाल. संध्याकाळच्या कार्यक्रमात मला पंधरा मिनिटं दिली होती, मनोगतासाठी. केंद्रप्रमुख बाहेर पाहुण्यांसोबत पेढे खात होते. मी माइकसमोर बसलो. म्हटलं, नमस्कार, दोन वर्षांपूर्वी या केंद्रावरून एका बाईंची माफी वाजली होती. ती तुम्ही अर्धीच ऐकली. आज पूर्ण ऐका. त्यातला दुसरा आवाज माझा आहे, आणि त्यातला एकही शब्द त्या बाईंचा नाही. बाईंचं नाव मी घेतलं नाही. आणि मूळ रेकॉर्डिंग लावून दिलं.

"मंग खोटा म्हना न सरळ." "तुम्ही फक्त म्हणा, बाई." पहिलं, दुसरं, तिसरं अडखळणं गेलं. शाब्बास गेलं. त्यानंतर केंद्रप्रमुख धावत आत आले आणि त्यांनी बटण खाली ओढलं. तोंडात पेढा होता त्यांच्या. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि घरी आलो. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी स्वतःला मोठा शूर समजत होतो. बायकोला म्हटलंसुद्धा, आज मी हिशेब चुकता केला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं केलं. हातपाय धुवा."

सकाळी मोटरसायकल काढली आणि भागरताच्या गावी गेलो. गावाबाहेर रोवणा चालू होता. रांग लांबूनच गात होती. मी धुऱ्यावर चढलो तशी चूप झाली. माझ्याजवळ माइक नव्हता, पिशवी नव्हती, दोन्ही हात मोकळे होते, ते मी त्यांना दिसतील असे धरले होते. तरी चूपच. म्हातारी त्या वर्षी रांगेत नव्हती. भागरता पलीकडच्या टोकाला होती. केस खूप पिकले होते. तिनं हातातले पऱ्हे खाली ठेवले आणि चिखलातून चालत धुऱ्यापर्यंत आली. वर चढली नाही. खालीच उभी राहिली.

"कसे आहा, भाऊ?"

"बरा आहे, बाई. काल रेडिओ ऐकला काय?"

"आयकला. सुनेनं लावला होता." तिनं मनगटानं कपाळ पुसलं. "तुमचा आवाज होता त्यात आता. पहिले नव्हता."

"हो. पहिले मी कापला होता."

"म्या तवाच म्हटलं सुनेले. म्हटलं, म्या तं भाऊच्या मांगं मांगं म्हनत होती, मंग भाऊ कुठी गेले यातले?"

मला वाटलं होतं ती रागावेल. नाही तर रडेल. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो. ती फक्त हाताला लागलेला चिखल बोटांनी काढत होती.

"मंग थो सभेच्या दिवशी काऊन नाई आयकवला तुमी? गुरुजीनं तं फोन केल्ता म्हने."

खोटं बोलायला जागा होती. पेन ड्राइव्ह सापडला नाही, गाडी बंद पडली, ताप आला होता. यातलं एक कारण मी येताना वाटेत मनात तयारही केलं होतं. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

"नोकरी होती न, बाई," मी म्हटलं. "दोन वर्षं राहिली होती."

तिनं मान हलवली. अगदी साधी, समजल्यासारखी. मग मागे वळली आणि रांगेकडे जाता जाता म्हणाली, "माही बी तं नोकरीच होती न, भाऊ."